'देवदास' वाचून 'देवदास' पाहणे : कादंबरीचा आशय सिनेमात उतरला का, हे तपासायचं कसं?

वाचनवेल (धागाकर्ता)

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं 'ड' वर्गाचं ग्रंथालय आहे. कपाशीची वेचणी आटोपली की फेब्रुवारीत ओळीनं चार शनिवार संध्याकाळी कार्यक्रम घ्यायचा आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'देवदास' आधी वाचायची, मग तिच्यावरचे सिनेमे पाहायचे, मग चर्चा. साठेक माणसं येतील. कॉलेजची पोरं, बचत गटाच्या बाया आणि म्हातारी मंडळीही.

'देवदास' मुद्दाम निवडली. कादंबरी १९१७ ची, लहान आहे, आणि एकाच गोष्टीवर वेगवेगळ्या काळातले सिनेमे सापडतात : प्रमथेश बरुआंचा १९३५ चा बंगाली आणि १९३६ चा सैगलचा हिंदी, बिमल रॉय यांचा १९५५ चा, संजय लीला भन्साळींचा २००२ चा, शिवाय अनुराग कश्यप यांचा २००९ चा 'देव डी'.

अडचण अशी की अशा चर्चा हमखास दोन ठिकाणी अडकतात. एक तर "पुस्तक चांगलं की सिनेमा?" नाही तर "हे पुस्तकात नव्हतं, ते गाळलं" अशी यादी. दोन्हींतून हाती काही लागत नाही. कादंबरीला जे म्हणायचं आहे ते सिनेमानं घेतलं, बदललं की सोडलं, हे सामान्य वाचकालाही वही-पेन घेऊन तपासता येईल अशी रीत सांगा. कोणते प्रसंग, कोणत्या क्रमानं, किती वेळ, तेही सांगा.

---

उंबरठा

चांगला धागा. रीत सांगते, मग ती 'देवदास'ला लावून दाखवते.

प्रसंग आहे की नाही, हे मोजू नका. प्रसंग घडण्याचं कारण तेच राहिलं का, ते बघा. आशय कारणात असतो. वहीच्या पानावर चार रकाने पाडा : प्रसंग, तो का घडतो, त्यात कोणती वस्तू किंवा जागा आहे, त्याची किंमत कोण मोजतं. कादंबरी वाचताना एकदा भरायचं, मग प्रत्येक सिनेमासाठी नवं पान. पाचच प्रसंग घ्या. जास्त घेतले की लोक लिहिण्यात गुंततात आणि पडद्यावरचं निसटतं.

पहिला प्रसंग, लग्नाला नकार. कादंबरीत कारण स्पष्ट आहे. देवदासची बालमैत्रीण पार्वती, तिचं चक्रवर्ती घराणं मुलीच्या लग्नात पैसे घेणारं, म्हणजे आपल्याकडे ज्याला देज म्हणतात ते घेणारं. शिवाय घर अगदी शेजारचं. देवदासच्या घरच्यांना, जमीनदार मुखर्जींना, ही सोयरीक कमीपणाची वाटते. २००२ च्या सिनेमात पारोच्या, म्हणजे पार्वतीच्या, आईच्या नाचगाण्याच्या घराण्यावरून भर मेजवानीत अपमान होतो. त्याच्या जोडीला वहिनीच्या कागाळ्या आहेत. अपमान मोठा झाला, पण दोष काही दुष्ट माणसांवर गेला. कादंबरीत कोणीच दुष्ट नाही. रीतच तशी आहे, आणि देवदास त्या रीतीसमोर उभा राहत नाही. हा फरक चर्चेत आला नाही तर पुढचं सगळं वाया जाईल.

याला जोडूनच एक बारीक गोष्ट. कादंबरीत देवदास शिकायला कलकत्त्याला जातो. मनात आणलं तर गावी परत येता येईल एवढ्याच अंतरावर. २००२ मध्ये तो लंडनहून येतो. लंडन आलं की अंतर हेच कारण होतं. कलकत्ता असलं की कारण त्याचा स्वभाव राहतो. तो पार्वतीला नकाराचं पत्र टाकतो, टाकताक्षणी पस्तावतो, तरी वेळेत पोचत नाही. आपल्या गावातून नागपूर आणि आपल्या गावातून अमेरिका, एवढा हा फरक आहे.

दुसरा प्रसंग, पार्वती रात्री एकटी त्याच्या खोलीत येते तो. कादंबरीत ती तेरा वर्षांची आहे. पडद्यावर ती सगळीकडे मोठी बाई आहे, आणि ते योग्यच. पण वाचनाच्या वेळी वय सांगून ठेवा, नाही तर त्या रात्री तिनं काय पणाला लावलं ते कळत नाही.

तिसरा प्रसंग, कपाळावरचा घाव. इथे वस्तूचा रकाना कामी येतो. कादंबरीत तो मासे धरायच्या काठीनं मारतो. लहानपणी तो तिला असाच मारत असे. म्हणजे घाव हा दोघांच्या जुन्या नात्यातलाच आहे. त्यात जिव्हाळा आहे आणि मालकीही आहे. १९५५ मध्ये काठी राहिली. २००२ मध्ये मोत्यांच्या हारानं घाव होतो. काठी गावातली, पाण्याकाठची, पोरपणातली. हार श्रीमंतीतला. हारानं केलेला घाव डोळ्यांना दागिन्यासारखा दिसतो आणि मार मार वाटेनासा होतो. बचत गटाच्या बायांना हा प्रश्न नक्की विचारा : कोणत्या सिनेमात तुम्हाला त्या माराचा राग आला?

चौथा, पार्वती आणि देवदासवर जीव लावणारी कलकत्त्याची नर्तकी चंद्रमुखी. कादंबरीत त्या कधीच भेटत नाहीत. १९५५ मध्ये रस्त्यावर एक पालखीत, एक पायी, नुसती नजरानजर होते, एक शब्द नाही. २००२ मध्ये दुर्गापूजेला दोघी एकत्र नाचतात. बिमल रॉय यांनी प्रसंग जोडला, पण अंतर ठेवलं. म्हणून तो पुस्तकात नसूनही पुस्तकाचा वाटतो. 'पुस्तकात नाही' हे मोजमाप का कामाचं नाही, याचा याहून सोपा दाखला मिळणार नाही.

पाचवा, मरण. कादंबरीत देवदास पार्वतीच्या सासरच्या घरापुढच्या झाडाखाली सकाळी मरतो. कोणाचा मुडदा, कोणत्या जातीचा, असा वाद होतो आणि गावातलं कोणी हात लावत नाही. शेवटी चांडाळ घेऊन जातात आणि प्रेत अर्धवट जळतं. पार्वतीला नाव कळतं ते हे सगळं झाल्यावर. ती धावत सुटते, पण गाठायला कोणी उरलेलंच नसतं. बेशुद्ध पार्वतीला घरात आणतात. सिनेमांनी इथे वाड्याचा दरवाजा आणला : ती धावते, दरवाजा लागतो. दृश्य म्हणून जबरदस्त आहे आणि चार भिंतींतल्या बाईची कोंडी एका क्षणात सांगतं. पण २००२ मध्ये मरता मरता तिची धावती आकृती त्याला दिसते. म्हणजे त्याला काही तरी मिळालं. शरच्चंद्रांनी त्याला काहीच दिलेलं नाही. आपल्या माणसाचा हात कपाळाला न लागता कोणी मरू नये, एवढंच मागणं लेखक शेवटी वाचकाकडे करतो. 'किंमत कोण मोजतं' या रकान्यात इथे प्रत्येक पानावर वेगळं उत्तर येईल.

---

रेंगी

उंबरठा ताई, मरणावर बराबर लिहिलं, पण त्याच्या आंधीचा प्रवास सोडला. माह्या मतानं सारा आशय तथीच हाये.

देवदास रेल्वेनं किती मुलूख हिंडते. मंग पांडुआ ठेसनावर उतरते अन् पार्वतीच्या सासरच्या गावापर्यंत, हातीपोत्यापर्यंत, बैलगाडी. बैलाची चाल तासाले तीन-चार किलोमीटर. रातचं, खराब रस्त्यानं त्याहूनही कमी. आतला माणूस मराले टेकला अन् गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हाती काईच नाही, बैल पयत नाहीत. जिंदगीभर थो उशीर करत आला, अन् ज्या दिवशी घाई झाली त्या दिवशी गाडी बैलाची.

आपल्याकडच्या म्हाताऱ्यायले हे शिकवा लागत नाही. बंडी हाकलेली माणसं हायेत ते. त्यायले एवढंच सांगा का मोबाईलमधलं घड्याळ लावा अन् तीनही सिनेम्यायमंधी गाडीत बसल्यापासून झाडाखाली उतरेपर्यंत किती मिनिटं जातात ते मोजा. त्या वेळात किती वेळा बैलाचे पाय दिसले, किती वेळा देवदासचं तोंड दिसलं, अन् धुरकऱ्याले बोलू देलं का नाही, हेही लिहा. धुरकरी बोलते तथी गाव जित्तं राहते.

---

उंबरठा

रेंगी भाऊ, मान्य. सहावा प्रसंग म्हणून हाच घ्यावा. बरुआंच्या सिनेमात रेल्वेच्या प्रवासात एक जागा आहे. इकडे देवदास डब्यात कळवळतो आणि तिकडे पार्वती अडखळते, अशी दोन ठिकाणं एकाआड एक जोडली आहेत. १९३५ सालासाठी ही मोठीच गोष्ट. आणि बरुआंच्या हिंदी 'देवदास'चं छायाचित्रण बिमल रॉय यांचं होतं. म्हणजे १९५५ चा दिग्दर्शक त्या कादंबरीत वीस वर्षं आधी कॅमेरा घेऊन फिरून आलेला होता.

---

कपाशी

गाण्यांचं काय? गावात गाणी लागली की लोक डोलतात आणि चर्चा राहून जाते.

---

उंबरठा

गाणी गाळू नका, तीही तपासा. १९५५ मध्ये 'आन मिलो आन मिलो श्याम सांवरे' हे गीता दत्त आणि मन्ना डे यांचं गाणं आहे. ते कादंबरीच्या बालपणातल्या एका जागेवर बसतं : तीन वैष्णवी गात येतात आणि छोटी पार्वती देवदासचे तीन रुपये त्यांना देऊन टाकते, तिघींना तीन. पुढे ही मुलगी कशी वागणार ते त्या हिशेबात आलंय. राधा-कृष्णाचा विरह गाण्यात आला आणि पुढचं सगळं आधीच सांगून झालं. असं गाणं आशय वाहतं. सैगलचं 'दुख के अब दिन बीतत नाही' हे माणसाच्या मनातलं बोलणं आहे. पुस्तकात निवेदक जे सांगतो ते इथे गळा सांगतो. प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न लावा : हे काढलं तर पात्राबद्दल आपल्याला काही कमी कळेल का? उत्तर 'नाही' आलं तर ते गाणं देखाव्याचं.

---

पडदा पांढरा

आशयाचं झालं. आता ज्यानं कार्यक्रम बिघडतो ते सांगतो.

जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, रुंदी उंचीच्या १.३७ पट. हिंदीत सिनेमास्कोप १९५९ मध्ये आला, त्यामुळे बरुआ आणि बिमल रॉय दोघांचे सिनेमे या चौकटीतले. २००२ चा रुंद पट्टीचा, सुमारे २.३५ पट. प्रोजेक्टरवर 'फुल' किंवा 'वाइड' लावून ठेवलं की दिलीपकुमार आणि सुचित्रा सेन आडवे पसरतात, चेहरे फुगतात, आणि लोकांना जुना सिनेमा हास्यास्पद वाटायला लागतो. सेटिंगमध्ये ४:३ किंवा 'ओरिजिनल' करा. ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच पडद्यावर जुना सिनेमा साधारण ६ फूट रुंद दिसेल आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. राहू द्या. २००२ चा पूर्ण ८ फूट रुंद पण उंचीला साडेतीन फुटांच्या आसपास येईल. हा फरक लोकांना दाखवूनच द्या : एकात दाराच्या चौकटी आणि खांब उभे भरतात, दुसऱ्यात आडवे महाल.

साध्या प्रोजेक्टरला ८ फूट रुंदीसाठी साधारण १२ फूट अंतर लागतं. खोली अंधारी असेल तर ३००० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. अंगणात करायचं तर सूर्य मावळल्यावर पाऊण तास थांबा. पांढरी चादर चालते, पण मागून उजेड येत असेल तर चित्र धुतल्यासारखं दिसतं. मागे काळं घोंगडं लावा आणि खालच्या काठाला बांबू बांधा, म्हणजे वाऱ्यानं हलणार नाही.

आवाज प्रोजेक्टरच्या स्पीकरवर सोडू नका, साठ माणसांना पुरत नाही. भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. जुन्या प्रतीत घरघर असते, बास कमी करा, मधला सूर थोडा वाढवा, संवाद उघडा होतो.

लाइटचं : प्रोजेक्टर ३०० वॅट, लॅपटॉप ६० वॅट धरा. १५० एएच ची एक बॅटरी आणि ८५० व्हीएचा इन्व्हर्टर हे तीनेक तास ओढतो, बॅटरी चांगली असेल तर. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यावर टाकू नका, त्याला वेगळी बॅटरी द्या. १९५५ चा सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे, एका बैठकीत काठावर बसतो.

---

निळी शाई

परवानगीचं कोणी बोललं नाही. कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९३६ चा केव्हाच मोकळा, १९५५ चा ३१ डिसेंबर २०१५ ला मोकळा झाला. २००२ चा २०६२ च्या अखेरपर्यंत बांधलेला आहे, २००९ चा त्याहून पुढे. म्हणून २००२ चा अख्खा सिनेमा जाहीरपणे दाखवायचा तर हक्कदाराकडून लेखी परवानगी हवी. घरच्या मोबाईलवर ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे म्हणून गावाला दाखवता येतं, हा गैरसमज आहे, ते घरगुती पाहण्यापुरतं असतं. समीक्षेसाठी छोटे तुकडे दाखवायला कायद्यात वाव आहे, तेव्हा दोन-तीन मिनिटांचेच काढा आणि प्रत्येकावर चर्चा कराच.

पुस्तकाचं म्हणाल तर शरच्चंद्र १९३८ मध्ये वारले, मूळ बंगाली मोकळं आहे. पण मराठी भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा असतो, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत रुजवले. ते १९६४ मध्ये गेले. ग्रंथालयात कोणाचं भाषांतर आहे ते आतलं पान उघडून बघा, मगच त्याच्या झेरॉक्स वाटा.

---

कपाशी

मला एक सुचवायचं आहे. 'देवदास' ठीक आहे, पण आपल्या भागात प्रेमचंदांची 'गोदान' का नको? १९३६ ची कादंबरी, १९६३ चा त्रिलोक जेटली यांचा सिनेमा, राजकुमार शेतकरी होरी, कामिनी कौशल त्याची बायको धनिया, मेहमूद मुलगा गोबर, संगीत रविशंकरांचं. निळी शाई यांच्या हिशेबानं २०२३ च्या अखेरीस तोही मोकळा झाला.

कास्तकाराला 'गोदान' समजावून सांगावी लागत नाही. तिचा आशय आकड्यांत आहे. मंगरूकडून बैलासाठी ६० रुपये घेतले, पाच वर्षांत ६० फेडले, तरी ६० तसेच. दातादीनकडून ३० घेऊन बटाटे लावले, बटाटे चोरांनी उकरून नेले, तीन वर्षांत ३० चे १०० झाले. भावांच्या वाटणीच्या वेळी दुलारीकडून घेतलेले ४०, तेही शंभराच्या घरात, कारण व्याज रुपयाला आणा. महिन्याचं धरा : ४० रुपयांवर महिन्याला ४० आणे म्हणजे अडीच रुपये, वर्षाला ३०. दोन वर्षांत व्याजच ६०. व्याजावर व्याज न लावताच शंभर पुरे.

पुढे भोलाकडून ८० रुपये उधारीवर गाय येते, तिला सख्खा भाऊ विष घालतो. गोबरपासून दिवस गेलेल्या झुनियाला घरात घेतली म्हणून पंचांचा दंड १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य. आणि शेवटी धनियाच्या हातात सुतळी विकून आलेले वीस आणे, तेच गोदान. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हा एकच ताळेबंद आहे.

सिनेमा पाहताना उंबरठा ताईंच्या चार रकान्यांत पाचवा घाला : रक्कम. प्रत्येक वेळी आकडा उच्चारला गेला की लिहा. जिथे आकडा गळून नुसतं 'कर्ज झालं' एवढंच येतं, तिथे होरी दुर्दैवी माणूस होतो. आकडा राहिला तर दिसतं की त्याला कोणी, किती टक्क्यांनी लुटलं.

---

उंबरठा

कपाशी यांचं म्हणणं मनापासून पटलं. एकच अडचण लक्षात ठेवा. 'गोदान' दुपदरी आहे. बेलारीत होरी, आणि शहरात रायसाहेब, मालती, मेहता, गिरणीमालक खन्ना. वाचणारे बरेचदा शहरातली प्रकरणं भराभर उलटतात. पण गावचा ऊस शहरातल्या गिरणीत जातो आणि होरीच्या घामाचा पैसा तिथे दारातच सावकार काढून घेतो. शहर गाळलं की शोषणाचं अर्धं यंत्र गाळलं जातं. कोणत्याही रूपांतरात हेच पहिल्यांदा बघा : शहराला किती वेळ दिला, आणि तो गावाशी जोडला की नुसता विरंगुळा म्हणून ठेवला.

गोबरच्या होळीच्या सोंगाची जागाही बघा. ठाकूर दहाच्या कागदावर पाच रुपये देतो, नजराणा, लिखाई, दस्तुरी, व्याज असं कापत कापत. शेतकरी उरलेले पाचही परत देतो : ठाकुराच्या दोन्ही बायकांच्या नजराण्याचा एकेक, पानाचा एकेक, आणि शेवटचा ठाकुराच्या क्रियाकर्माला. असा प्रसंग गावातल्या पोरांना दहा मिनिटांत बसवून प्रत्यक्ष करता येतो. ते केलं की सिनेमाची गरजही कमी होते.

---

पांधण

उद्धव शेळके यांची 'धग' घेता येईल का? आपल्या अमरावती भागातली आहे, आणि त्या नावाचा राष्ट्रीय पुरस्काराचा सिनेमाही आहे.

---

निळी शाई

पांधण भाऊ, तो सिनेमा या कादंबरीवरचा नाही. शिवाजी लोटन पाटील यांचा २०१२ चा 'धग' स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबावर आहे, फक्त नाव सारखं. शेळक्यांची 'धग' १९६० ची, कौतिक आणि तिचा नवरा महादेव शिंपी यांची. सिनेमा लावून कादंबरीचं पान भरायला बसाल तर एकही रकाना जुळणार नाही.

पण कादंबरी स्वतंत्रपणे जरूर वाचा. तिचे संवाद वऱ्हाडीत आहेत, आणि पडद्यावर आणायचं झालं तर पहिला प्रश्न तोच. कौतिकचं बोलणं प्रमाण मराठीत नेलं तर तिचा कणखरपणा जातो, आणि वऱ्हाडी म्हटली की विनोदी बोली असा पडद्यावरचा वापर झाला तर तिचं दुःख जातं. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' बुलढाण्याच्या मातीतली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. तिच्यावरचा धीरज मेश्राम यांचा सिनेमा हिंदीत झाला. ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांनी तो भाषेच्या रकान्यासाठी पाहावा.

---

वाचनवेल

सगळ्यांचे आभार. असं ठरवतो : 'देवदास' या वर्षी, 'गोदान' पोळ्यानंतर. कादंबरीची १६ प्रकरणं जानेवारीत चार बैठकांत मोठ्यानं वाचून घेऊ. पहिला शनिवार १९५५ चा पूर्ण सिनेमा. दुसऱ्या शनिवारी वह्या उघडून चर्चा. तिसऱ्या शनिवारी १९३६ चा शेवटचा अर्धा तास आणि २००२ चे तीन तुकडे. चौथा शनिवार 'देव डी'चा विचार आहे. त्यात शेवटी देव मरत नाही, यावर पोरं बोलतील असं वाटतं.

---

उंबरठा

क्रम बरोबर लावलात. २००२ चे तुकडे आधी दाखवले असते तर ते चेहरे डोळ्यांत बसले असते आणि १९५५ चा सिनेमा फिका वाटला असता.

'देव डी' मात्र प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा आहे, मिसळ बैठकीत लावू नका. चौथ्या शनिवारी सिनेमाऐवजी त्यावर नुसतं बोला. कथा पंजाब-दिल्लीत नेली, देवला जगवलं, आणि त्याच्या दुःखापेक्षा त्याच्या वागण्याचा जाब विचारला. कादंबरीतला लेखक त्याच्यासाठी अश्रू मागतो, हा सिनेमा मागत नाही. हे सांगून पहिल्या शनिवारची वही परत उघडायला लावा, आणि 'किंमत कोण मोजतं' या रकान्यात ज्यांनी देवदास लिहिलं होतं त्यांना विचारा, आता पार्वतीचं किंवा चंद्रमुखीचं नाव लिहावंसं वाटतं का. पेन्सिल द्या, खोडता आलं पाहिजे.